दरी, ढग आणि पहाट: टेराजेन, गाया की ब्लेंडर?

दरीकाठ:

नमस्कार. मी जलरंगातला माणूस. डोंगर, पाणी आणि आभाळ एवढेच माझे विषय. आता हीच चित्रं संगणकावर करायची आहेत. फोटोशॉपमध्ये ब्रशने रंगवायची नाहीत, तर खराखुरा त्रिमित डोंगर उभा करायचा, त्यावर सूर्य ठेवायचा आणि मग हिंडून जागा निवडायची. कागदावर उजेडाची दिशा एकदा ठरली की ठरली. इथे तोच डोंगर पहाटे, टळटळीत दुपारी, पाऊस उघडल्यावर असा हवा तितक्या वेळा बघता येईल, याचं मला फार अप्रूप आहे.

मनात असलेलं पहिलं चित्र सांगतो. आपण कड्याच्या अगदी काठावर उभे आहोत. पायाशी काळा कातळ, भेगांतून वाळकं गवत. खाली दरी ढगांनी काठोकाठ भरलेली आणि त्या ढगांतून दोन-तीन सुळके वर आलेले. पलीकडे डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या. सूर्य नुकताच वर आलाय, डाव्या बाजूने. हे चित्र ३६ बाय २४ इंच छापून भिंतीवर लावायचं आहे. जमलं तर पुढे मालिका. अ‍ॅनिमेशन नको, गेम नको, फक्त स्थिर चित्र.

संगणक विंडोजचा, आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचं.

गाया आणि टेराजेन, संगणकावर भूदृश्यं करणाऱ्या या दोन्ही प्रोग्रामांच्या मोफत आवृत्त्या उतरवून बघितल्या. गायात पहिल्याच बैठकीत असा डोंगर उभा राहिला की बघत राहावं. धारा, घळी, पायथ्याशी साचलेला गाळ, सगळं जागच्या जागी. पण कॅमेरा कड्याजवळ नेला की तोच कातळ वितळलेल्या मेणासारखा दिसतो. टेराजेनचं उलटं. आभाळ आणि दूरची हवा इतकी खरी की मी नुसती क्षितिजाचीच रेंडर (संगणकाने काढलेली तयार चित्रं) काढत बसलो, पण जमीन म्हणजे उंचवटे आणि खड्डे. त्यात कुठे पाणी वाहिलंय असं वाटतच नाही.

याच प्रकारच्या वर्ल्ड क्रिएटरचे व्हिडिओ बघितले, वेग थक्क करणारा आहे. व्ह्यू हा तसलाच आणखी एक प्रोग्राम आता फुकट मिळतो असं कळलं. एक मित्र म्हणतो, काहीही घेऊ नकोस, ब्लेंडर हा सर्व कामांचा त्रिमित प्रोग्राम शीक. मला एकच काहीतरी नीट शिकायचं आहे आणि पुढची काही वर्षं त्यावर घालवायची आहेत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय निवडलं असतं, आणि का?


नोडकरी:

तुमच्या मित्राच्या बाजूने मत देतो. ब्लेंडर फुकट आहे, कुठलीही मर्यादा नाही, आणि त्यावर शिकलेलं वाया जात नाही. डोंगरासाठी एएनटी लँडस्केप नावाचं अ‍ॅड-ऑन आहे. गवत आणि दगड पसरायला जिओमेट्री नोड्स आहेत (नोड म्हणजे एकमेकांना जोडायचे क्रियांचे ठोकळे), आणि त्या कामात मला तरी दुसरं काही इतकं हाताला बसलेलं नाही. भेगांतलं गवत म्हणालात ना? उतार कमी असेल तिथेच पातं उगवावं, भेगेच्या मास्कमध्ये (निवडलेल्या भागात) दाट आणि बाहेर विरळ, वाऱ्याच्या दिशेला थोडं झुकलेलं, हे सगळं तुम्ही स्वतः नोड जोडून ठरवता. पायाशी असलेला कातळ हाताने स्कल्प्टही करता येतो.

आभाळासाठी २.९० आवृत्तीत निशिता स्काय नावाचं तयार आभाळ आलं. सूर्याची उंची बदला, आभाळाचा रंग आपोआप बदलतो.

दोन अडचणी मात्र सांगून ठेवतो, नाहीतर नंतर माझ्या नावाने खडे फोडाल. पहिली, हा स्काय फक्त आभाळ रंगवतो. कॅमेरा आणि दूरचा डोंगर यांच्यामधली हवा त्यात येत नाही. रांगा एकामागे एक फिकट व्हायला हव्या असतील तर मिस्ट पास (अंतराप्रमाणे धूसरपणा दाखवणारा थर) काढून कंपोझिटिंगमध्ये, म्हणजे थर एकत्र करताना, मिसळावा लागतो, किंवा अख्ख्या दृश्यावर व्हॉल्यूम, म्हणजे धुक्यासारखी भरीव हवा, टाकावा लागतो. दुसरी, तो व्हॉल्यूम. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररमध्ये दरीभर ढग म्हणजे रेंडरला भरपूर वेळ आणि तरीही दाणेदार चित्र. ६ जीबीच्या कार्डावर अ‍ॅडॅप्टिव्ह सबडिव्हिजन (जवळची जमीन जास्त बारीक चिरणं) आणि ढग एकत्र बसतील का, याची मला शंका आहे. सीपीयूवर, म्हणजे प्रोसेसरवर, रेंडर करा, ३२ जीबी रॅम आहे तुमच्याकडे.


कातळरेघ:

दरीकाठ, तुम्ही चित्र सांगितलंत म्हणून उत्तर द्यायला हुरूप आला. बहुतेक जण पाच नावं देऊन ‘यातलं चांगलं कोणतं’ म्हणून विचारतात, आणि मग ज्याला जे येतं ते तो सांगतो.

मी भूशास्त्र शिकले आणि आता माहितीपटांसाठी भूदृश्यं करते. त्यामुळे माझी नजर आधी पाण्यावर जाते. तुम्ही जे दोन अनुभव लिहिलेत ते अगदी बरोबर आहेत, आणि त्यातच तुमचं उत्तर आहे. गाया डोंगर घडवतं. टेराजेन डोंगर दाखवतं. वर्ल्ड मशीन आणि वर्ल्ड क्रिएटर घडवणाऱ्यांच्या बाजूचे. व्ह्यू आणि जुनं ब्राइस दाखवणाऱ्यांच्या बाजूचे. ब्लेंडर आणि हूडिनी हे सर्वसाधारण त्रिमित प्रोग्राम दोन्ही करू शकतात, पण तिथे सगळं आपणच बांधायचं. तुम्ही ज्यांना स्पर्धक समजताय त्यांतले निम्मे एकमेकांचे सोबती आहेत.

टेराजेनमधली जमीन खोटी का वाटते ते सांगते, कारण हे एकदा कळलं की कुठल्याही प्रोग्रामचं चित्र तपासता येतं. त्यातला मूळ फ्रॅक्टल (लहान-मोठ्या आकारात तोच नमुना पुन्हा येणारा पृष्ठभाग) नॉइजवर, म्हणजे गणिताने काढलेल्या यादृच्छिक चढउतारांवर, चालतो. संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांचा नॉइजवरचा निबंध १९८५ चा, आणि आज बहुतेक सगळ्या भूदृश्य प्रोग्रामांच्या तळाशी त्याचंच काहीतरी रूप आहे. या नॉइजला वर-खाली कळत नाही. जितके उंचवटे तितकेच खड्डे, आणि तेही सारख्याच घडणीचे. खरी जमीन तशी नसते. पाणी वरून खाली जातं, जाताना ओघळ कोरतं, ओघळ एकमेकांना मिळून घळ होते, घळी मिळून दरी होते, आणि उतार मंदावला की पाणी बरोबर आणलेला गाळ टाकून देतं. डोंगरावर प्रवाह एकत्र येत जातात, ते फुटत नाहीत. फुटतात ते खाली, गाळाच्या सपाटीवर. त्यामुळे खऱ्या जमिनीच्या धारा निमुळत्या असतात आणि तळ भरलेले.

एक चाचणी करा. हाइटमॅप (जमिनीची उंची राखाडी छटांत दाखवणारं चित्र) उलटा करा, म्हणजे पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं. उलटल्यावरही जमीन तितकीच पटण्यासारखी वाटली तर तिच्यावरून पाणी वाहिलेलंच नाही. नुसत्या नॉइजची जमीन या चाचणीत हमखास सापडते. गायाचा तुमचा डोंगर उलटून बघा, लगेच विचित्र दिसेल. १९८९ मध्ये मस्ग्रेव्ह, कोल्ब आणि मेस या संशोधकांनी फ्रॅक्टल जमिनीवर पाण्याची झीज आणि घसारा, दोन्ही संगणकावर करून दाखवले. आजच्या इरोजन (झीज) नोडमध्ये जे चालतं त्याची मुळं तिथे आहेत. घसाऱ्याचं तत्त्व तर अगदी सोपं आहे. सुट्या दगडमातीचा ढीग साधारण ३० ते ३७ अंशांच्या उतारावर टिकतो. त्याहून उभा झाला की माल खाली सरकतो. कड्याच्या पायथ्याशी दगडांचा जो उतरता पदर दिसतो तो यामुळे. तुमच्या सुळक्यांच्या बुडाशी तो नसेल तर सुळके रोवल्यासारखे दिसतील. (तुमच्या चित्रात बुडं ढगात आहेत, तरी एखादं उघडं पडेलच.)

आता मेणाबद्दल. यात गायाचा काही दोष नाही, हा गणिताचा प्रश्न आहे. ३६ इंच रुंद चित्र १५० डीपीआयने (इंचाला १५० ठिपके) छापलं तर ५४०० पिक्सेल रुंद लागेल. कॅमेऱ्याचा कोन ६० अंशांचा धरला, तर १ किलोमीटरवर एक पिक्सेल साधारण २० सेंटिमीटर जमीन व्यापतो. ५ किलोमीटरवर साधारण १ मीटर. आणि तुमच्या पायाशी, ५ मीटरवर, १ मिलिमीटर. हाइटमॅप ८ किलोमीटर रुंद आणि ८१९२ पिक्सेलचा असला तर त्याच्या एका पिक्सेलला १ मीटर जमीन येते. म्हणजे ५ किलोमीटरच्या पलीकडे तो छान पुरतो, आणि अलीकडे जसजसं याल तसतसा कमी पडत जातो. पायाशी तर हाइटमॅपचा एक नमुना चित्राचे हजार पिक्सेल खाऊन बसतो. मेण दिसणारच. मोफत आवृत्तीत बिल्डचा, म्हणजे तयार होणाऱ्या हाइटमॅपचा, आकारही मर्यादित असतो, त्यामुळे तुम्हाला ते आणखी लवकर दिसलं.

म्हणून निवड करताना मी आधी विचारते की कॅमेरा कुठे उभा आहे. विमानातून खाली बघायचं असेल तर हाइटमॅप आणि कुठलाही रेंडरर चालेल. तुम्ही काठावर उभे आहात. तुमच्या एकाच चित्रात १ मिलिमीटरपासून कित्येक मीटरपर्यंतचा तपशील लागणार, आणि तो जिथल्या तिथे निर्माण करणारा रेंडरर हवा. टेराजेन नेमकं हेच करतं. तिथे जमीन ठरावीक जाळीची नसते. कॅमेऱ्यातून जिथे जितकं बारीक दिसणार तिथे तितक्या बारीक मायक्रोपॉलिगॉनमध्ये ती रेंडरच्या वेळी चिरली जाते. पॉवर फ्रॅक्टल शेडरमध्ये (शेडर म्हणजे पृष्ठभागाचं रूप ठरवणारा घटक) सगळ्यात लहान आकार सेंटिमीटरपर्यंत खाली आणलात की पायाजवळचा कातळ खडबडीत होतो, आणि दूरच्या डोंगरावर त्याचा भार पडत नाही. दगडांसाठी फेक स्टोन्स शेडर आहे. उतार आणि उंचीप्रमाणे थर लावायला सरफेस लेअर आहे.

आणि हवा! टेराजेनची जमीन हा एक अख्खा ग्रह आहे, वातावरणासकट. निळा प्रकाश जास्त विखुरतो, सूर्य क्षितिजाला टेकला की त्याचा उजेड हवेच्या लांब थरातून येतो, निळा वाटेतच गळतो आणि कातळावर तांबूस पडतो. दूरच्या रांगा निळसर फिकट होतात. यातलं काही वेगळं रंगवावं लागत नाही, सूर्याची उंची तीन-चार अंश ठेवली की होतं. नोडकरींनी मिस्ट पासचा मार्ग सांगितला तो बरोबर आहे, आणि मी स्वतः तो वापरते. पण मिस्ट पासला फक्त अंतर कळतं. डाव्या बाजूने सूर्य असेल तर हवा डावीकडे उजळ आणि उजवीकडे गडद दिसते, आणि पुढच्या डोंगराची सावली हवेतही पडते. तुम्ही जलरंगात हा फरक ओल्या कागदावर साधत असणार. तो तुम्हाला हवा असेल तर खरं वातावरण लागतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वर्ल्ड क्रिएटर सगळं ग्राफिक्स कार्डावर करतं, म्हणून तो वेग. ६ जीबीच्या कार्डावर मोठा आकार मागितलात की अडेल. वर्ल्ड मशीन भक्कम आहे, मोठी जमीन तुकड्या-तुकड्याने बांधण्यात मला त्याचा फार आधार वाटतो, पण नवीन शिकणाऱ्याला गायाचे नोड लवकर उमगतात. हूडिनीत १६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, हाइटफील्डची (उंचीच्या जाळीने जमीन घडवायची) उत्तम अवजारं आहेत. तुमच्या कामाला तो फार मोठा डोंगर चढणं होईल. व्ह्यूबद्दल जीव हळहळतो. झाडं पसरण्याची त्याची इकोसिस्टिम पद्धत अप्रतिम होती, आभाळही सुंदर. पण २०२४ मध्ये बेंटली या मालक कंपनीने त्याचा विकास थांबवला आणि मगच तो मोफत झाला. तुम्ही पुढची काही वर्षं घालवणार म्हणता, तर ज्याला पुढची आवृत्तीच येणार नाही त्यात ती घालू नका.

तुमच्या जागी मी असते तर टेराजेन नीट शिकले असते, आणि गाया फक्त हाइटमॅप बनवायला वापरलं असतं. एकच शिकायचं असा आग्रह असेल तर टेराजेन, कारण तुमच्या चित्रात जमिनीहून हवा जास्त आहे. टेराजेन प्रोसेसरवर रेंडर करतं, त्यामुळे तुमचं लहान कार्ड आड येत नाही. त्याच्या उणिवाही लक्षात असू द्या. मांडणी जुन्या वळणाची आहे, रेंडर संथ आहे, आणि गवताचा साधा झुबका मिळत असला तरी मनासारखे नमुने बाहेरून आणावे लागतात. तिथे नोडकरींचं ब्लेंडर कामी येईल. एक गवताचा झुबका ब्लेंडरमध्ये करा, ओबीजे (त्रिमित वस्तूची फाइल) म्हणून काढा आणि टेराजेनमध्ये त्याची पॉप्युलेशन करा, म्हणजे त्याच्या प्रती जमिनीवर पसरा.


सोळाबिट:

मी गेमवाला, त्यामुळे अनरियल हे गेम बनवायचं इंजिन सुचवायला आलो होतो. कातळरेघताईंचं वाचून थांबलो. स्थिर चित्र आणि एवढा मोठा प्रिंट असेल तर रिअल-टाइमचा (चित्र तत्क्षणी दिसण्याचा) हट्ट नको. पण दरीकाठ, हाइटमॅप एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना माणसं जिथे अडकतात ते सांगतो, कारण तुम्ही आता तेच करणार.

८-बिटमध्ये काहीही काढू नका. ८-बिटमध्ये उंचीच्या पायऱ्या फक्त २५६. तुमची दरी तळापासून माथ्यापर्यंत १२०० मीटर असेल तर एक पायरी साडेचार मीटरहून उंच. शेतातल्या बांधांसारख्या रेघा उतारभर उमटतात, आणि सूर्य तिरका असला की त्या जास्तच उठून दिसतात. तुमचा सूर्य तिरकाच आहे. १६-बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या, म्हणजे त्याच दरीत एक पायरी दोन सेंटिमीटरहून कमी. ३२-बिट ईएक्सआर फाइल मिळत असेल तर तोच घ्या.

दुसरं, फाइलमध्ये राखाडी छटा असतात, मीटर नसतात. रुंदी किती आणि उंची किती हे कागदावर लिहून ठेवा. अनरियलमध्ये तर झेड स्केल (उंचीचं प्रमाण) १०० असताना पूर्ण उंचीचा पट्टा फक्त ५१२ मीटरचा असतो. हे माहीत नसलं की १२०० मीटरचा डोंगर चेपून येतो आणि माणूस इरोजनच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो. प्रोग्राम कुठलाही असो, नेल्यावर पहिलं काम म्हणजे ओळखीच्या मापाची वस्तू जमिनीवर ठेवून बघणं. मी १.७ मीटरचा साधा ठोकळा माणूस म्हणून उभा करतो.

तिसरं, इरोजन लहान आकारात बघून पसंत केलं आणि मग मोठ्या आकारात बिल्ड केलं की ओघळ बदलतात. कधी नदीच दुसऱ्या घळीतून जाते. तेव्हा चित्राची जागा पक्की करण्याआधी एकदा मोठा बिल्ड काढा.


दरीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. उलटा हाइटमॅप करून बघितला. टेराजेनचा उलटा-सुलटा सारखाच, गायाचा उलटल्यावर शिरा सुजल्यासारखा दिसला! आता कुठलंही चित्र बघताना हेच डोक्यात येणार.

टेराजेन शिकायचं ठरवलं. कातळरेघताई, तीन शंका आहेत. मागच्या रांगा २०-३० किलोमीटर लांब हव्यात. त्या गायातच करायच्या, की उपग्रहाची खरी उंचीची माहिती वापरू? जवळची जमीन आणि लांबची जमीन जिथे भेटतात तिथला सांधा कसा लपवायचा? आणि एवढ्या मोठ्या चित्राला माझ्या संगणकावर किती वेळ लागेल? ३०० डीपीआयनेच छापायचं असं छपाईवाले सांगतात.


कातळरेघ:

शिरा सुजल्यासारखा, अगदी तसंच दिसतं ते!

लांबच्या रांगांसाठी खरी माहिती जरूर वापरा. एसआरटीएम म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून अकरा दिवसांत रडारने घेतलेली उंची, ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढ्या पट्ट्यातली. तिचा एक नमुना साधारण ३० मीटरचा. वरचंच गणित लावा. ३० किलोमीटरवर तुमच्या १५० डीपीआयच्या चित्राचा एक पिक्सेल साडेसहा मीटरच्या आसपास येतो, म्हणजे एक नमुना चार-पाच पिक्सेल व्यापेल. इतक्या हवेआड ते खपून जातं, वर थोडा फ्रॅक्टल तपशील टाकला की पुरे. खऱ्या रांगांच्या माथ्याची रेघ इतकी सुरेख असते की ती मनाने काढणं फार अवघड. १० किलोमीटरच्या अलीकडे मात्र ही माहिती आणू नका, गुळगुळीत दिसेल.

सांध्याची काळजी तुमच्या चित्राने आधीच मिटवली आहे. दरी ढगांनी भरलेली आहे ना? जवळचा हाइटमॅप दरीच्या तळाशी संपू द्या, लांबचा पलीकडच्या पायथ्यापासून सुरू करा. टेराजेनच्या हाइटफील्ड शेडरमध्ये बॉर्डर ब्लेंडिंग आहे, ते चालू ठेवलं की कडा जमिनीत विरतात, आणि उरलेलं ढगांखाली जातं. तेव्हा ढगांची वरची पातळी आधी ठरवा, जमिनीची नंतर. समजा कॅमेरा ११०० मीटरवर आहे, तर ढगांचा माथा ७०० च्या आसपास ठेवून बघा. फार वर आणलात तर सुळक्यांची उंची हरवते, फार खाली नेलात तर तळ दिसायला लागतो. टेराजेनमधल्या ईझी क्लाउड या तयार ढगांनी सुरुवात करा. ढगांना स्वतःचा चढउतार द्या, अगदी सपाट ठेवू नका. सुळक्यांना लागून ते किंचित वर चढलेले असतात, आणि तिरक्या उजेडात त्या चढाचीच सावली ढगांवर पडते. तीच जागा चित्रात सगळ्यात आधी डोळ्यात भरेल.

वेळेचा हिशेब पिक्सेलवर करा. ३०० डीपीआयने तुमचं चित्र १०,८०० बाय ७२०० होतं, म्हणजे जवळजवळ पावणेआठ कोटी पिक्सेल. फुल एचडीच्या साडेसदतीस पट. फुल एचडी रेंडरला तुमच्या संगणकावर जितका वेळ लागेल त्याला साधारण तेवढ्याने गुणा. १५० डीपीआयला ५४०० बाय ३६००, म्हणजे फुल एचडीच्या साडेनऊ पटीहून थोडं कमी. भिंतीवरचं चित्र माणूस दीड-दोन मीटरवरून बघतो, तिथून १५० पुरतं. छपाईवाल्यांना ३०० ची फाइलच हवी असेल तर १५० ची रेंडर मोठी करून द्या, ढग आणि हवा त्यात काही गमावत नाहीत. कातळाच्या पट्ट्यात फरक जाणवला तर तेवढाच भाग क्रॉप लावून पूर्ण आकारात रेंडर करा आणि वर बसवा. क्रॉप वेगवेगळे काढणार असाल तर जीआय कॅशे (परावर्तित उजेडाचा साठवलेला हिशेब) एकदाच संपूर्ण चित्राची काढून फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक क्रॉपला तीच वाचायला सांगा, नाहीतर तुकड्यांच्या उजेडात फरक पडून जोड दिसेल.

सुरुवातीला रंग, गवत, दगड काहीच लावू नका. करडी जमीन, सूर्य, हवा आणि ढग एवढंच ठेवून ९६० पिक्सेल रुंदीचं रेंडर काढा, मायक्रोपॉली डिटेल (बारकावा ठरवणारं सेटिंग) ०.५ च्या खालीच असू द्या. ते इथे टाका. सूर्य तीन अंशांवर आणि आठ अंशांवर असे दोन काढलेत तर कड्याची सावली ढगांवर कुठवर जाते ते बघून कॅमेरा सरकवायचा का ते सांगता येईल.